पितळी सापाचा चटका

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या रविवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. काचेच्या दर्शनी भिंतीला आतून निळे पडदे लावले होते आणि पूर्वी जिथे सोफे मांडलेले असत तिथे माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. समोर लाकडी चौथरा होता, त्यावर माणसाच्या उंचीचा खांब, आणि खांबाला वरपासून खालपर्यंत विळखा घातलेला पितळेचा साप. वेटोळी बोटाएवढी जाड आणि एकमेकींना अगदी लागून होती. मागच्या पडद्याआड कुणीतरी कीबोर्डवर एकच सूर धरून बसलं होतं.

"पूर्ण पंजा!" सेवकभाऊ म्हणाले. "बोटं पसरा, तळवा टेका. अर्धवट हात म्हणजे अर्धवट विश्वास, आणि अर्धवट विश्वास देवाला चालत नाही."

सेवकभाऊंचं खरं नाव काय ते कुणी विचारलं नव्हतं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात माइक आणि आवाजात इतका मध की ऐकणाऱ्याचे हात चिकट व्हावेत. त्यांनी बँकेतल्या कारकुनाला पुढे घेतलं, त्याच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली आणि त्याला सापावर हात ठेवायला सांगितलं. कारकुनाने हात ठेवला मात्र, किंचाळून मागे पडला. तळवा सगळ्यांनी निरखून पाहिला. लाली नाही, फोड नाही, काही नाही.

"देवाची आग कातडी जाळत नाही," भाऊ हळूच म्हणाले. "आत काय लपलंय तेवढंच जाळते. घरी जा, भावा, आणि कपाटात कुठली मूर्ती लपवून ठेवलीस ते शोध."

मग एका म्हातारीची पाळी आली. तिच्या हाताला साप गार लागला आणि ती आनंदाने रडायला लागली. भाऊंनी गर्दीवरून नजर फिरवली.

"कुणाला खोटं वाटत असेल तर आपल्या इस्त्रीवाल्या ताईंना विचारा."

सगळ्या माना वळल्या. दुसऱ्या ओळीत उभ्या असलेल्या ताईने नवऱ्याची बाही घट्ट धरली. कोपऱ्यावरची लॉन्ड्री तिची आणि नवऱ्याची. तो कपडे आणायचा, पोहोचवायचा, आणि ती इस्त्री करायची. इतकी वर्षं तापलेल्या लोखंडाशी संसार केल्यावर उष्णता म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पहिल्याच आठवड्यात तिने या सापावर पंजा ठेवला होता आणि ओरडून हात काढला होता. धावत जाऊन तिने नळाखाली हात धरला, फोड यायची वाट पाहिली, पण फोड आलाच नाही. एवढा चटका बसून फोड येत नाही असं तिच्या जन्मात घडलं नव्हतं. म्हणजे ही उष्णता या जगातली नाही, असा तिने हिशेब लावला आणि माइकवर तसं सांगूनही टाकलं. गंमत बघायला आलेल्या निम्म्या लोकांचा विश्वास भाऊंवर नव्हे, तिच्या हातावर बसला होता.

तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला. "मला एक शंका आहे."

ती होती ताईच्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारी. ताईच्या मुलीची, चिऊची, ती आत्या.

"दहा आज्ञांत देव सांगतो की कशाचीही कोरीव प्रतिमा करू नका," आत्या म्हणाली. "मग तोच देव पुढे मोशेला सांगतो की पितळेचा साप कर, खांबावर लाव, साप चावलेला माणूस त्याच्याकडे बघून वाचेल. तुम्ही आम्हाला घरातले फोटोसुद्धा काढून टाकायला लावता आणि स्वतः हा साप उभा करता. यातलं आम्ही कुठलं पाळायचं?"

गर्दीत कुजबुज झाली. भाऊ मात्र हसले.

"मास्तरीणबाई, दोन्ही पाळायचं. माणसाच्या मनाने केली ती मूर्ती, आज्ञेवरून केली ती भक्ती. फरक वस्तूत नाही, ऐकण्यात आहे. बायबलातल्या पहिल्या राजाला देवाच्या संदेष्ट्याने काय सुनावलं? यज्ञापेक्षा ऐकणं मोठं, आणि हट्ट म्हणजे मूर्तिपूजाच. प्रश्न विचारणं हासुद्धा हट्टच की. या पुढे. साप ठरवेल."

प्रार्थना झाली, कीबोर्डचा सूर चढला, आत्याने पूर्ण पंजा टेकवला. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ताईने त्यापूर्वी कधीच ऐकला नव्हता. शाळेतल्या टारगट पोरांना नजरेने गप्प करणारी बाई पांढरीफटक पडून खाली बसली.

"हट्टाला चटका," भाऊ म्हणाले. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आणि याच कुटुंबात, भावांनो, फ्रिजच्या दारात एक मूर्ती ठेवली आहे. काचेची, छोटीशी. तिच्यापुढे ही माणसं रोज वाकतात, कारण त्यांना वाटतं की मुलीचा जीव त्या काचेत आहे."

चिऊला लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिनच्या बाटल्या खरंच फ्रिजच्या दारात असत. भाऊंना हे कसं कळलं म्हणून सगळे थक्क झाले. नवऱ्यानेच आठवड्यापूर्वी त्यांच्यापुढे रडत रडत सगळं सांगितलं होतं, पण ते आता त्याच्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं.

"पुढच्या रविवारी मुलीला आणा," भाऊ म्हणाले. "माझ्या मनात शब्द आला आहे. साप तिला गार लागेल. त्याच क्षणी ती काच या चौथऱ्यावर फोडायची, आणि पुन्हा सुई नाही."

नवरा तिथेच गुडघ्यावर बसला. ताईला काय वाटलं म्हणाल तर भीती, निव्वळ भीती. साप चटका देईल तर मुलगी शापित, आणि गार लागला तर मुलीचं इन्सुलिन बंद. चिऊच्या डॉक्टरीणबाईंनी आजार कळला त्याच दिवशी निक्षून सांगितलं होतं की हे औषध थांबलं तर मुलगी जगणार नाही. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याने याच सापाच्या भरवशावर रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या होत्या, आणि तो आता इस्पितळात अर्धं अंग लुळं पडून होता. भाऊ म्हणाले होते की त्याने मनात शंका आणली.

सोमवारी दुकानात इस्त्री फिरवता फिरवता ताईने विषय काढला.

"अहो, डॉक्टरांना एकदा विचारू या ना."

"डॉक्टरांना विचारायचं म्हणजे देवाला सांगायचं, तुझ्यावर भरवसा नाही."

"आणि काही झालं तर?"

नवऱ्याने कपड्यांचं गाठोडं खाली ठेवलं. तो दुष्ट माणूस नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. "अगं, तिला सुई टोचताना मी कधी खोलीत थांबलोय का? ती माझ्याच पोटात शिरते असं वाटतं. जन्मभर तिने हेच करायचं? कुणीतरी पहिल्यांदा म्हणतंय की हे थांबेल. मला विश्वास ठेवू दे." मग तो म्हणाला, "आणि बायकोने नवऱ्याचं ऐकावं, हेही शास्त्रातच आहे."

ताईने मान खाली घालून पुढचा शर्ट घेतला. ती भित्री होती असं नव्हे. पण देवाची भीती, नवऱ्याच्या आशेची भीती आणि लोकांची भीती एकदम उभी राहिली की भल्याभल्यांची बोलती बंद होते. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री जास्त वेळ राहिली आणि पिवळा डाग पडला.

बुधवारी मुलांची प्रार्थना होती. नवरा चिऊला घेऊन गेला. संध्याकाळी ती दुकानात आली आणि पाठीवरचं दप्तर न काढताच टेबलाशी उभी राहिली.

"आई, मी सापाला हात लावला."

ताईने तिचा हात उलटून तळवा पाहिला. "चटका बसला?"

"नाही. म्हणजे, मी ऐकलंच नाही त्यांचं. माझ्यापुढची मुलगी पंजा ठेवून इतकी ओरडली की मी घाबरले. ते तिला समजावत होते तेवढ्यात मी नुसतं एक बोट लावलं, असं कडेने, रक्त तपासताना लावते तसं. आणि आई, तो कोमट होता. नुसता कोमट. मग खालच्या वेटोळ्याला लावलं, ते गार. त्याच्या खालचं परत कोमट, त्याच्या खालचं परत गार."

"काहीतरीच. मी भाजले, आत्या भाजली."

"तुम्ही पूर्ण पंजा ठेवला होता."

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं, दुकानाचं शटर ओढलं आणि पोरीला घेऊन थेट आत्याचं घर गाठलं.

आत्या रविवारपासून घराबाहेर पडली नव्हती. आपण खरंच हट्टी, आपल्या विश्वासातच खोट, असं तिने मनाला लावून घेतलं होतं. तिने चिऊचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं आणि दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

"कोमट आणि गार मिळून चटका कसा बसेल, आत्या?" ताईने विचारलं.

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. आणि हे म्हणताना गेल्या चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आला. "माहीत नाही ना, मग करून बघू."

तिने घरातले जाड दांड्याचे सगळे स्टीलचे चमचे काढले. अर्धे फ्रिजमध्ये ठेवले. उरलेले अंघोळीच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त ऊन असलेल्या पाण्यात बुडवले. थोड्या वेळाने टेबलावर टॉवेल पसरून तिने भराभर ते मांडले, एक कोमट, एक गार, एक कोमट, एक गार, दांडे एकमेकांना चिकटवून.

"ठेव पंजा," ती म्हणाली.

ताईने हात ठेवला आणि झटक्याने उचलला. तोच जाळ. तोच, हाडात शिरणारा. तिने घाबरून तळवा पाहिला, मग एकेक चमचा उचलून गालाला लावला. कोमट. गार. कोमट. जाळण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, आणि आत्याच्या स्वयंपाकघरात सापही नव्हता.

ताई मटकन खुर्चीत बसली आणि रडू लागली. जीव भांड्यात पडला म्हणून रडली, की आपल्या शब्दावर किती लोकांनी हात पुढे केले ते आठवून, हे तिचं तिलाच कळलं नाही.

आत्याने चिऊच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, यात काही नवल नाही. कातडीत गार सांगणाऱ्या नसा वेगळ्या, ऊब सांगणाऱ्या वेगळ्या, आणि भाजल्याचं सांगणाऱ्या वेगळ्या. एरवी त्या एकमेकींना आवरून धरतात. ऊब आणि गारवा असे पट्ट्यापट्ट्यांनी एकदम आले की तो तोल बिघडतो आणि मेंदूला वाटतं, भाजलं. शास्त्रज्ञांना हे कधीपासून ठाऊक आहे. फक्त हाताखाली दोन्ही एकदम यायला हवेत.

"म्हणूनच पूर्ण पंजा," आत्या फोन ठेवून म्हणाली. "जो ऐकतो त्यालाच चटका बसतो. जो ऐकत नाही त्याला खरं कळतं."

ताईने त्याच संध्याकाळी नवऱ्याला चमच्यांची गोष्ट सांगितली. त्याने चमच्यांना हात लावायला नकार दिला. "सैतानही देवाची नक्कल करतो," तो म्हणाला, कारण भाऊंनी तसं शिकवलंच होतं. रविवारी तो फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरून निघाला. ताईने एक बाटली तरी मागे ठेवा म्हणून त्याचा हात धरला. त्याने पिशवी सोडली नाही.

त्या दिवशी गर्दी रस्त्यापर्यंत होती. भाऊंनी चिऊला चौथऱ्यावर बोलावलं. ती आईकडे बघत राहिली. ताई गर्दीतून वाट काढत चौथऱ्यावर चढली.

"आधी माझा हात," ती म्हणाली. "मी भाऊंचं ऐकलेलं नाही. माझा सुई थांबवायला विरोध आहे. साप मला काय म्हणतो ते बघू द्या लोकांना."

भाऊंना याहून चांगलं काय हवं होतं? बंडखोर आई भाजेल आणि आज्ञाधारक लेक गार हाताने बरी होईल. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवून मोठी लांब प्रार्थना केली. ताईने पंजा टेकवला.

सगळं माहीत असूनही जाळ लागला. ती ओरडली, लोक ओरडले, आणि क्षणभर तिला वाटलं, आपलंच चुकलं, हे खरंच आहे. हात आपोआप छातीशी आला होता. तिने तो परत पुढे केला, तर्जनी सोडून बाकीची बोटं मिटली.

"एका बोटाने नाही," भाऊ म्हणाले. आवाजातला मध पहिल्यांदाच आटला. "हे देवाची परीक्षा पाहणं आहे. देवाची परीक्षा पाहू नका, असं शास्त्रात आहे."

"सगळं पारखून घ्या आणि चांगलं तेवढं धरा, असंही शास्त्रातच आहे," आत्या खालून म्हणाली.

ताईने बोट टेकवलं. भाऊंच्या हातातला माइक अजून चालूच होता आणि तिचा आवाज सगळ्या दुकानभर गेला. "कोमट. हे गार. हे कोमट. हे गार. मी इस्त्रीवाली आहे. मीच तुम्हाला सांगितलं होतं की ही आग या जगातली नाही. मी चुकले. ही आगच नाही." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, या. एकच बोट लावा."

"भावा, आज्ञा मोडू नकोस," भाऊ म्हणाले. "आज, तुझ्या मुलीच्या दिवशी?"

नवरा पिशवी छातीशी धरून उभा होता. त्याने एकदा भाऊंकडे पाहिलं, एकदा चिऊकडे. मग तो चौथऱ्यावर चढला आणि डोळे मिटून एक बोट पुढे केलं. ते बोट वरून खाली गेलं, खालून वर आलं, पुन्हा खाली गेलं. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. ज्या आशेवर तो आठवडाभर तरंगत होता ती त्याच्या बोटाखाली संपली होती.

पडद्यामागचा सूर अचानक थांबला, आणि तो थांबल्यावर खालून एका मोटारीची बारीक घरघर ऐकू आली. नवऱ्यानेच पडदा ओढला. मागे दोन टब होते. एकात बर्फाचं पाणी, दुसऱ्यात पाणी तापवायची कांडी. दोन्हींतून रबरी नळ्या निघून चौथऱ्याखाली शिरत होत्या. एकच वाटणारा साप दोन नळ्यांचा होता, एकमेकींत गुंफलेला. मदतनिसाचा एक हात कीबोर्डवर आणि दुसरा तोटीवर होता. आज्ञाधारकासाठी दोन्ही नळ्यांत गार पाणी, बंडखोरासाठी एकीत गार आणि एकीत कोमट. पाणी भरायला जेवढा वेळ लागे तेवढी भाऊंची प्रार्थना.

कारकून पुढे झाला आणि त्याने बोट लावून पाहिलं. मग रांगच लागली. गार साप लागलेली म्हातारी मात्र बाजूला बसून रडत होती. तिची तर कसली चूकही पकडली गेली नव्हती, तिचा आनंदच खोटा निघाला होता. भाऊ म्हणत राहिले की हे फक्त प्रतीक होतं. काहीजण त्यांच्या भोवती उभे राहिले, कारण साप खोटा निघाला हे ते काही केल्या मानायला तयार नव्हते. बाकीच्यांनी भाऊंना दाराकडे सरकू दिलं नाही आणि पोलिसांना फोन केला.

"मग बायबल खोटं का, मास्तरीणबाई?" कुणीतरी विचारलं. "मूर्ती करू नका म्हणतं, आणि साप करा म्हणतं. ऐका म्हणतं, आणि पारखा म्हणतं."

"त्यात दोन्ही आहे, हे खरंच," आत्या म्हणाली. "मी विश्वास ठेवणारी बाई आहे आणि मलाही त्या ओळी अडतात. पण सापाची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे लोक त्याच सापापुढे धूप जाळायला लागले, आणि एका राजाने तो फोडून टाकला. त्याच पुस्तकात त्या राजाला चांगला म्हटलंय. ही तिसरी गोष्ट या माणसाने तुम्हाला कधी वाचून दाखवली? कुठलंही पुस्तक घ्या, त्यातली एकच ओळ काढून कुणीही तुमच्यावर हुकूम चालवू शकतो. दुसरी ओळ शोधायची असेल तर डोकं वापरावं लागतं, आणि ते देवाचंच देणं आहे असं मी तरी मानते."

ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. बाटल्या सकाळपासून पिशवीत उकडत होत्या. फोडायच्याच म्हणून नवऱ्याने त्या गार ठेवायची काळजी घेतली नव्हती. तिने ओढणीत भाऊंच्या टबातला मूठभर बर्फ बांधला आणि पिशवीत ठेवला. एक बाटली तिने उजेडात धरून पाहिली. आतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ होतं, खराब झालं नव्हतं.

"बाबा, जेवायच्या आधीच्या सुईची वेळ झालीय," चिऊ म्हणाली.

नवरा तिच्याजवळ चौथऱ्याच्या पायरीवर बसला. आईने सुई भरून दिली. या वेळी तो उठून गेला नाही. त्याने पोरीच्या पोटाची चिमूट धरली, तिने सांगितलं तशी सुई टोचली आणि ती बाहेर येईपर्यंत डोळे उघडे ठेवले. मग तो उभा राहिला. माइक खाली पडला होता तो त्याने उचलला.

"ज्यांनी कुणी औषध बंद केलंय," तो म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. पुन्हा सुरुवात केली. "ज्यांनी कुणी या सापाचं ऐकून औषध बंद केलंय, त्यांनी घरी जाऊ नका. इथून आधी डॉक्टरकडे जा. देवाला मागाहून सांगता येईल. आणि पुन्हा कुणी म्हणालं की बोट लावून बघू नका, तर तिथे आपलं माणूस घेऊन जाऊ नका. मी घेऊन आलो होतो."